हाताने आलेलं उत्तर

१ फेब्रुवारी, मंगळवार.

नवी वही. जुनी संपलेली नाही, पण तिच्यात मागच्या वर्षीचे संकल्प आहेत. ते वाचले की उगाच मन खट्टू होतं.

प्रयोगशाळेत आज बारा खोकी आली. आत सेन्सर, वायरी आणि पाटीएवढे पडदे. आता लंबकाचे झोकेही यंत्र मोजणार, मुलांनी फक्त बटण दाबायचं. मीटिंगमध्ये विभागाचे हेड म्हणाले, जागा नाही, तिसरी रांग रिकामी करावी लागेल. तिसरी रांग म्हणजे माझी रांग. लंबक, स्प्रिंगा, मीटरपट्ट्या, स्टॉपवॉच. हाताने करायचे सगळे प्रयोग. एकतीस वर्षं.

मी उभी राहिले. म्हटलं, ज्याला दोऱ्याला गाठ मारता येत नाही त्याने फिजिक्सच्या वाटेला जाऊ नये. वाक्य चांगलं झालं. दोघांनी मान डोलावली. त्यातला एक झोपेत होता, पण डोलावली.

हेड म्हणाले, मॅडम, मग दाखवूनच द्या. पंचवीस तारखेला प्राचार्यबाई नवी यंत्रं बघायला येणार आहेत. एका टेबलावर यंत्र, शेजारच्या टेबलावर तुमचा लंबक. हाताच्या कामात दम दिसला तर रांग राहील, नाहीतर सामान स्टोअरमध्ये.

मी म्हटलं, कबूल.

चोवीस दिवस आहेत. एका लंबकासाठी चोवीस दिवस म्हणजे चैनच.

संकल्प: रोज सकाळी आठला प्रयोगशाळेत. रोज पाच वेळा प्रयोग, स्वतःच्या हाताने.

२ फेब्रुवारी, बुधवार.

आठला जाणं जमलं नाही. दहाला गेले. पण मन आठपासून तिथेच होतं.

३ फेब्रुवारी, गुरुवार.

यंत्रांची जबाबदारी नव्या लेक्चररकडे आहे. तो दर वाक्यात एकदा सेन्सर म्हणतो, म्हणून या वहीपुरतं त्याचं नाव सेन्सर. मुलगा वाईट नाही. माझाच विद्यार्थी. याच तिसऱ्या रांगेत शिकला आणि आता तीच उठवायला निघालाय. मी तसं त्याला बोलूनही दाखवलं. तो म्हणाला, मॅडम, रांग उठवा असं मी कधीच म्हटलं नाही, मी फक्त टेबल मागितलं होतं. आणि मग माझ्यासाठी खुर्ची ओढली. असे गोड बोलणारेच जास्त धोकादायक.

मामांना सांगितलं, मामा, युद्ध आहे. मामा म्हणजे आमचे लॅब अटेंडंट. सव्वीस वर्षं माझ्या रांगेला आहेत. दोरे बांधणं, गोळे पुसणं, बुचाला चीर पाडून त्यात दोरा धरणं, अशी वरवरची कामं ते बघतात. मुख्य काम, म्हणजे शिकवण्याचं, माझ्याकडे.

मामा म्हणाले, बरं. आणि पितळी गोळा पुसत राहिले.

५ फेब्रुवारी, शनिवार. संध्याकाळी ६.

आज मन फार मागे गेलं. कॉन्व्हेंट शाळेतल्या सायन्सच्या सिस्टर आठवल्या. पांढऱ्या बाह्या कोपरापर्यंत दुमडून बाकाशी वाकायच्या. आमच्या बोटांवर स्वतःची बोटं ठेवून दोऱ्याला खडा बांधायला शिकवायच्या. हातांना खडूचा आणि साबणाचा वास. मी तेव्हा नऊ वर्षांची. माझा खडा सुटून खिडकीच्या काचेवर गेला, तर रागावल्या नाहीत. म्हणाल्या, चाइल्ड, आता तुला कळलं ना सुटलेला खडा सरळ जातो ते.

तेव्हाच ठरवलं, आयुष्यभर हातांनी शिकायचं आणि हातांनी शिकवायचं. आणि मी ते पाळलं.

खरंतर लंबक मी स्वतः शेवटचा कधी केला हे आठवत नाही. पण त्याला काही अर्थ नाही. जे अंगात मुरलेलं असतं ते आठवावं लागत नाही.

६ फेब्रुवारी, रविवार.

घरीच सराव. पडद्याच्या दांडीला दोरा बांधला आणि गोळा म्हणून कुलूप. ह्यांना हाताशी घेतलं. हे निवृत्त ड्राफ्ट्समन, रेघ ओढायला सांगितली तर तासभर पेन्सिलीला टोक करतील. म्हणाले, कुलूप कशाला लटकवलंयस, चोर पडद्यातून येणार आहे का? मी म्हटलं, तुम्ही फक्त घड्याळ बघा, विनोद मी करीन.

पहिल्या वेळेला उत्तर आलं आठ पॉइंट सहा. कारण: दांडी हलते.

दुसऱ्या वेळेला अकरा पॉइंट दोन. कारण: हे हसत होते.

तिसऱ्या वेळेला गाठ सुटली आणि कुलूप ह्यांच्या अंगठ्यावर. हसणं थांबलं.

खरं उत्तर नऊ पॉइंट आठ एक. पृथ्वी सगळ्यांना किती जोराने खाली ओढते त्याचा आकडा, लंबकाची लांबी आणि झोक्यांची वेळ यांवरून काढलेला. पहिल्या वर्षाची मुलंसुद्धा तो झोपेत सांगतात. माझ्या दोन उत्तरांची सरासरी नऊ पॉइंट नऊ. म्हणजे जवळजवळ आलंच. कुलपाने आणि हलत्या दांडीवर! खऱ्या सामानाने काय होईल याचा विचार करूनच मला यंत्राची कीव आली.

ह्यांच्या अंगठ्याला बर्फ लावला. म्हणाले, पंचवीस तारखेला प्राचार्यबाईंना बूट घालून यायला सांग.

८ फेब्रुवारी, मंगळवार.

आनंदाचा दिवस!

सेन्सरने यंत्र जोडलं. उजेडाच्या बारीक झोतातून लंबक जातो आणि पडद्यावर उत्तर उमटतं. मुलं गोळा झाली. मीही सहज तिथेच उभी होते, कपाट आवरत. उत्तर उमटलं: एकोणचाळीस पॉइंट दोन.

एकोणचाळीस! चौपट ओढणारी पृथ्वी! अशी असती तर मला जिना चढता आला नसता. तसा आताही दमच लागतो, ते वेगळं.

मी मोठ्याने काहीच बोलले नाही. फक्त म्हटलं, अरेरे. तीन वेळा.

सेन्सर जराही शरमला नाही. उलट मुलांकडे वळून म्हणाला, यंत्र खोटं बोलत नाहीये, मग चुकतंय कोण ते शोधा. आणि चक्क हात बांधून उभा राहिला. मग काय, नुसता बाजार. एकजण खाली बसून झोत बघतोय, दुसरा दोरा धरतोय, दोन वेण्यांची एक मुलगी गोळ्याऐवजी स्वतःचं बोट झोतातून पुढेमागे नेतेय. भांडणं, आरडाओरडा. शेवटी ती वेणीवालीच ओरडली, सर, हे जातानाही मोजतंय आणि येतानाही मोजतंय, एका झोक्याचे दोन झोके करतंय! मग तिनेच सेटिंग बदललं आणि नऊ पॉइंट सात नऊ आलं. टाळ्या वाजल्या.

प्रयोगशाळेत टाळ्या! माझ्या रांगेत एकतीस वर्षांत कधी आवाज झाला नाही. मुलं येतात, बसतात, लिहितात, जातात. याला म्हणतात शिस्त.

१० फेब्रुवारी, गुरुवार.

सकाळी आठ (म्हणजे साडेनऊ). सराव करणार होते, पण आधी विचार केला, आणि विचार करताना युक्ती सुचली. स्वतः पाच वेळा प्रयोग करून काय सिद्ध होणार? माझ्याकडे एकतीस वर्षांचा पुरावा कपाटात आहे.

जर्नल! दर वर्षी एक चांगलं जर्नल मी नमुना म्हणून ठेवून घेतलंय. एकतीस जर्नलं, एकतीस लंबक, आणि सगळ्यांची उत्तरं नऊ पॉइंट सात आठ ते नऊ पॉइंट आठ दोन. एकही मुलगा त्याच्या बाहेर गेलेला नाही. यंत्राने पहिल्याच दिवशी एकोणचाळीस मारले.

सेन्सरला बोलावून म्हटलं, तुझ्या त्या कॉम्प्युटरवर याचा मोठा आलेख कर. प्राचार्यबाईंना लांबून दिसेल असा. तो म्हणाला, मॅडम, नक्की? मी म्हटलं, शत्रूकडून आलेख काढून घेण्यात वेगळीच मजा आहे. तो हसला आणि जर्नलांचा गठ्ठा उचलून घेऊन गेला. पाठ दुखेल बिचाऱ्याची.

आता सरावाची तशी गरज उरलेली नाही.

१२ फेब्रुवारी, शनिवार.

सराव नाही. खांदा आखडलाय. जर्नलं वरच्या फळीवरून काढल्यामुळे असेल. ती सेन्सरने काढली, पण मी खालून सांगत होते.

१५ फेब्रुवारी, मंगळवार. दुपारी १.

सेन्सर आलेख घेऊन आला. दार लावून घेतलं. मला वाटलं, शरण आला.

म्हणाला, मॅडम, एक विचारू? या रांगेतली स्टॉपवॉच कुठली आहेत? मी म्हटलं, तुला ठाऊक नाही? काट्याची. तू शिकलास तेव्हाचीच. तो म्हणाला, हो, त्यांच्या तबकडीवर सेकंदाचे पाच भाग आहेत. म्हणजे काटा चाळीस पॉइंट शून्यवर थांबेल, नाहीतर चाळीस पॉइंट दोनवर. मी म्हटलं, मग? तो म्हणाला, जर्नलमध्ये चाळीस पॉइंट एक तीन आहे. वीस झोक्यांना चाळीस पॉइंट एक तीन. एका जर्नलात नाही मॅडम, चौदा जर्नलांत आहे. बाकीच्यांत एक चार, नाहीतर एक दोन.

मी म्हटलं, मुलांची नजर तयार झाली असेल. दोन रेघांच्या मधलं दिसायला लागतं.

तो खाली बघत म्हणाला, एक जर्नल माझं आहे.

मी म्हटलं, मग? तुझीही नजर चांगली होती.

तो म्हणाला, मॅडम, मी पुढच्या बाकावरच्या मुलीचं बघून लिहिलं. तिने तिच्या ताईच्या जर्नलातून लिहिलं होतं. आम्ही गोळा लटकवला होता, खोटं नाही सांगत. पण उत्तर दहा पॉइंट चार आलं, आणि सगळे म्हणाले, चुकीचं उत्तर नेलं तर मॅडम सही देत नाहीत.

खोलीत पंखा फार आवाज करतो. तेल घालायला सांगितलं पाहिजे.

मी म्हटलं, आलेख लहानच राहू दे.

१६ फेब्रुवारी, बुधवार.

शांतपणे विचार केला. सेन्सर एक सोडला तर बाकी तीस जर्नलं खरी असू शकतात.

माळ्यावरून माझं स्वतःचं कॉलेजचं जर्नल काढायला लावलं. निळ्या पुठ्ठ्याचं. माझं अक्षर तेव्हा किती सुंदर होतं! लंबकाचं पान सापडलं. वीस झोके, वेळ चाळीस पॉइंट एक तीन.

त्या दिवशी पाऊण तास उशिरा लॅब सुरू झाली होती आणि शेवटची बस पाच वीसची होती, हे मला आता स्पष्ट आठवतंय. मैत्रीण दारात उभी राहून चल चल करत होती. तिची वेणी, तिची पिशवी, सगळं आठवतंय. गोळा मात्र डोळ्यांसमोर येत नाही.

पानाचा कोपरा दमटपणाने पुढच्या पानाला चिकटलेला होता. पुन्हा तसाच चिकटवून ठेवला.

ह्यांनी विचारलं, सापडलं का हवं ते? मी म्हटलं, हो, छान अक्षर होतं माझं.

१८ फेब्रुवारी, शुक्रवार.

नवा संकल्प, आणि हा शेवटचा: उरलेल्या सात दिवसांत मी स्वतः नऊ पॉइंट आठ एक आणणार. हाताने. खरंखुरं. मग चाळीस पॉइंट एक तीनबद्दल कोणी बोलूनच दाखवावं.

सकाळी खरोखर आठला पोचले. (आठ दहा.) मला वाटलं होतं लॅब बंद असेल. दार उघडं होतं आणि आत मामा. पंखे बंद, खिडक्या बंद. टेबलाशी वाकून एकेका लंबकाला झोका देत होते. ओठ हलत होते. मी विचारलं, मामा, हे काय? म्हणाले, रोजचंच. दोरा ढिला पडतो, गाठ सरकते. मुलं यायच्या आत बघून ठेवतो.

रोज? म्हणाले, रोज.

मी म्हटलं, एकतीस वर्षं मी या रांगेत आहे, मला कधी दिसलं नाही. मामा म्हणाले, तुम्ही दहाला येता ना.

मग ते जरा घुटमळले. म्हणाले, मॅडम, पंचवीस तारखेला होईल ना नीट? रांग गेली तर मला खाली फॉर्मच्या खिडकीवर टाकणार आहेत. हेडनी तसं सांगून ठेवलंय. खिडकीवर दिवसभर बसायचं असतं. मी म्हटलं, बसायचं तर चांगलं की. ते म्हणाले, बसून काय करू? तिथे हाताला काही नाही. नुसता कागद इकडून घ्यायचा, तिकडे द्यायचा.

इतक्या वर्षांत मामा माझ्याशी एका दमात एवढं बोललेले मला आठवत नाही. माझ्या डोक्यात ही गोष्टच आली नव्हती. मला वाटत होतं, रांग माझी.

मी म्हटलं, मामा, काळजी करू नका. मी आहे ना.

ते का कोण जाणे, जास्तच काळजीत दिसले.

१९ फेब्रुवारी, शनिवार.

मामांसाठी लढायचं तर तयारी हवीच. आज तीन तास प्रयोगशाळेत होते. पहिला तास भाषण लिहिलं. दुसरा तास सुधारलं. तिसऱ्या तासाला लंबक हातात घेतला आणि लाइट गेले. लंबकाला लाइट लागत नाहीत असं मामा म्हणाले, पण मला अंधारात मोजायची सवय नाही.

भाषण मात्र फार हृद्य झालंय. सिस्टरांचा खडा घातलाय त्यात.

२१ फेब्रुवारी, सोमवार.

एकदा केला प्रयोग! नऊ पॉइंट तीन. दुसऱ्यांदा दहा पॉइंट एक. मामा शेजारी उभे राहून काहीतरी सांगू बघत होते. मी म्हटलं, मामा, प्लीज, मला एकाग्र होऊ द्या.

सरासरी नऊ पॉइंट सात. आता फक्त ती पॉइंट एक एकने वर उचलायची आहे.

२४ फेब्रुवारी, गुरुवार. संध्याकाळी ७.

उद्या. साडी इस्त्री करून ठेवली, निळी. ह्यांनी श्रोता म्हणून खुर्चीत बसून पूर्ण भाषण ऐकलं. म्हणाले, छान आहे, पण यात लंबक कुठे येतो? मी म्हटलं, शेवटी. ते म्हणाले, तो आधी घे, मग बोल. ह्यांना वक्तृत्वातलं काय कळतंय.

वेणीवालीला मदतनीस म्हणून घेतलंय. मी सांगितलेली वेळ ती लिहून घेणार आणि फळ्यावर गणित करणार. हुशार आहे, आणि माझ्याबद्दल तिला आदर आहे.

२५ फेब्रुवारी, शुक्रवार. दुपारी ४.

जे झालं ते क्रमाने लिहिते.

अकराला प्राचार्यबाई आल्या. त्या इतिहासाच्या. हेड, सेन्सर, पहिल्या वर्षाची सगळी मुलं, आणि दाराशी मामा. सेन्सरने यंत्र चालवलं, नऊ पॉइंट सात नऊ. मुलांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. त्याने आधीच सांगून ठेवलं असणार, मॅडमना वाईट वाटेल म्हणून. मला जरा वाईटच वाटलं.

मग मी. भाषण सुरू केलं. चार मिनिटं झाल्यावर प्राचार्यबाई म्हणाल्या, किती छान बोलता तुम्ही, आता करून दाखवा.

गोळा सोडला. स्टॉपवॉच दाबलं. एक, दोन, तीन. हात अगदी स्थिर. नऊ, दहा, अकरा. इथे मला वाटलं, हा क्षण समजावून सांगायला हवा. म्हणून मोजता मोजता प्राचार्यबाईंना म्हटलं, बघा, हे मोजणं म्हणजे एक प्रकारची प्रार्थना आहे. हे वाक्य भाषणात नव्हतं, आतून आलं. मग पुढे चौदा, पंधरा. वीसला दाबलं.

अडतीस पॉइंट दोन.

मी तसं वेणीवालीला सांगितलं. तिने खडू उचलला, फळ्याकडे गेली, थांबली, आणि मागे वळून अगदी आदराने विचारलं, मॅडम, अडतीस पॉइंट दोनच लिहू, की नेहमीसारखं चाळीस पॉइंट एक तीन?

प्राचार्यबाई म्हणाल्या, नेहमीसारखं म्हणजे?

वेणीवाली म्हणाली, म्हणजे लंबकाला तेच असतं ना, मॅम.

हेड खिडकीबाहेर बघायला लागले. सेन्सर स्वतःच्या वायरींत डोकं घालून बसला. मी हो म्हटलं असतं तर तिने लिहिलं असतं. खडू तिच्या हातात होता आणि ती माझ्याकडेच बघत होती. फार मोठे डोळे आहेत त्या मुलीचे.

मी म्हटलं, अडतीस पॉइंट दोन लिही.

उत्तर दहा पॉइंट आठ दोन. फळ्यावर फारच मोठं दिसलं. तिने आकडे मोठे काढले होते.

प्राचार्यबाईंनी विचारलं, म्हणजे आता ही रांग गेली का? मी दाराकडे बघितलं. मामा हातातला फडका घडी करत होते, पुन्हा उलगडत होते, पुन्हा घडी करत होते.

मग मला काय झालं कोण जाणे. म्हटलं, मामा, तुम्ही करा.

मामा म्हणाले, मी? मी म्हटलं, रोज करता ते. इथे सगळ्यांसमोर.

मामांनी आधी पंखा बंद केला. (पंखा!) मग पट्टीने लांबी पुन्हा मोजली. गोळा अगदी थोडा बाजूला घेऊन अलगद सोडला आणि पहिले तीन-चार झोके नुसते जाऊ दिले. कोणी विचारलं नव्हतं तरी पुटपुटले, आधी शांत होऊ द्यायचा. मग घड्याळ दाबून शून्य म्हणाले. मग एकही शब्द नाही, नुसते ओठ. मुलंही ओठ हलवत होती. मीसुद्धा.

चाळीस पॉइंट दोन. वेणीवालीने फळ्यावर गणित केलं: नऊ पॉइंट सात सात.

यंत्राचं नऊ पॉइंट सात नऊ.

टाळ्या. यावेळी कोणी थांबवल्या नाहीत.

प्राचार्यबाईंनी विचारलं, मामा, नेहमी एवढंच येतं का? मामा म्हणाले, नाही हो. कधी नऊ सहा, कधी नऊ नऊ. हात आहे, दोरा आहे, वारा आहे. त्यांनी विचारलं, मग नेमकं नऊ पॉइंट आठ एक? मामा म्हणाले, सव्वीस वर्षांत दोन-तीनदा आलंय. तसं आलं की मी गाठ पुन्हा तपासतो.

सेन्सर म्हणाला, हेच मला मुलांना शिकवायचं आहे आणि यंत्राने शिकवता येत नाही.

भाषणाचं दुसरं पान हातातच राहिलं होतं.

२६ फेब्रुवारी, शनिवार.

ह्यांना सगळं सांगितलं. हे म्हणाले, अडतीस पॉइंट दोन लिही म्हणालीस ते बरं केलंस. मग चहा केला. चहा ह्यांनी केला, हे इथे नमूद करते.

१ मार्च, मंगळवार.

पूर्ण विजय! नोटीस लागली. तिसरी रांग जागेवरच राहणार. पहिल्या वर्षाच्या मुलांनी आधी महिनाभर हाताने प्रयोग करायचे आणि मगच यंत्राला हात लावायचा. मामा रांगेतच, फॉर्मच्या खिडकीवर दुसरं कोणीतरी. लंबक कसा करायचा ते मुलांना मामा दाखवणार, सही मी करणार. उत्तर काहीही आलं तरी जे आलं तेच लिहायचं, अशीही ओळ आहे. ती कोणी घातली ते मी विचारलं नाही.

खाली बारीक अक्षरात: सर्व शिक्षकांनी हाताच्या प्रयोगांचा संच एकदा स्वतः पूर्ण करावा. ही कल्पना उत्तम आहे. इतर शिक्षकांना त्याची फारच गरज होती.

मामा खूश आहेत. गोळे दोनदा पुसले.

४ मार्च, शुक्रवार. दुपारी ३.

इतरांना उदाहरण घालून द्यावं म्हणून पहिला नंबर मीच लावला. जोडीला वेणीवाली. मामा टेबलाच्या त्या बाजूला. पहिल्या वर्षाच्या मुलांमध्ये मी बसल्यामुळे सुरुवातीला जरा अवघडली मुलं, पण माझी गाठ तिसऱ्यांदा सुटल्यावर मोकळी झाली. एकाने तर मला गाठ दाखवून दिली.

मोजताना एक अक्षर बोलले नाही. शून्यापासून मोजलं. पंखा आठवणीने बंद केला. घड्याळात आलं तेच लिहिलं. गणित स्वतः केलं.

नऊ पॉइंट पाच सहा. शाईने लिहिलं. मनात म्हटलं, पहिल्याच खऱ्या प्रयत्नात हे म्हणजे काही थोडं नाही.

मामांनी पान जवळ घेऊन बघितलं, दूर धरून बघितलं. म्हणाले, मॅडम, लांबी कशी धरली? मी म्हटलं, दोऱ्याची, बुचापासून गाठीपर्यंत. मामा म्हणाले, आणि गोळा कोण मोजणार? गोळ्याच्या मध्यापर्यंत धरायची. मग जरा थांबून, अगदी हळू, वेणीवालीला ऐकू जाऊ नये अशा बेताने म्हणाले, पुन्हा करावा लागेल.

तिला ऐकू गेलं.

मी म्हटलं, ठीक आहे, तसं पानावर लिहा. मामा म्हणाले, मला लिहिता येणार नाही, शेरा आणि सही तुमची.

म्हणून माझ्या पानावर लाल पेनने रिपीट असं मीच लिहिलं, खाली तारीख घातली आणि सही केली.

सही मात्र छान आली.